ओनरशिपचा फ्लॅट आणि लिव्ह अँड लायसन्सची गाणी

प्रश्न : माझं वय ६६. लग्न होऊन नौपाड्यात आले, तेव्हापासून याच घरात आहे. आता आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. महिनाअखेर चाव्या बिल्डरच्या हातात द्यायच्या आणि तीन वर्षं मानपाड्याला भाड्याच्या घरात काढायची. हे दोन वर्षांपूर्वी गेले. आवराआवरीत माळ्यावरून यांच्या २१४ कॅसेट निघाल्या. दीडशेक दुकानातून आणलेल्या, बाकीच्या यांनी रेडिओवरून आणि गणपतीतल्या गाण्यांच्या कार्यक्रमांत बसून स्वतः भरलेल्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला तारीख आणि हवामान बोलायची यांना खोड होती. मुलगा म्हणतो, ‘आई, सगळं ॲपवर आहे, महिन्याला सव्वाशे रुपयांत.’ सूनबाईंनी शनिवारी भंगारवाला बोलावलाय. ती वाईट नाही हो, पण नव्या वन बीएचकेला माळाच नाही, हे तिचं म्हणणं खरं आहे. दुसरं म्हणजे, यांनी आजारपणात फोनवर एक जुना सिनेमा पैसे भरून विकत घेतला होता. परवा लावायला गेले तर ‘आता उपलब्ध नाही’ असं आलं. मग विकत घेतला म्हणजे नक्की काय केलं? आणि तिसरं, यातलं एखादं गाणं भावंडांच्या ग्रुपवर टाकलं तर पोलीस येतील, असं जावई म्हणतात. मी काळाच्या मागे पडलेय का?
– माळ्याखालची, ठाणे

ताई, स. न. वि. वि.

आधी भंगारवाल्याला फोन करा आणि शनिवारी येऊ नका म्हणून सांगा. मग चहा टाका आणि पुढचं वाचा. उत्तर लांबलंय.

काळाच्या मागे असण्याचं म्हणाल, तर रिडेव्हलपमेंटला निघालेल्या बिल्डिंगमधली बाई मागे राहीलच कशी? गेली काही वर्षं तुम्ही जनरल बॉडीत बसून कार्पेट, कॉर्पस, बँक गॅरंटी, ओसी ऐकलंय. ५१ टक्के संमती गोळा होताना कोण कुणाच्या घरी पेढे घेऊन गेलं, तेही पाहिलंय. बिल्डरचं ॲग्रीमेंट वकिलाकडून ओळ न् ओळ वाचून घेतल्याशिवाय सही केली नसेलच. (केली असेल तर मला सांगू नका.) एवढा अभ्यास झालेल्या माणसाला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात कळावं. यांनी तो सिनेमा ओनरशिपवर घेतलाच नव्हता, लिव्ह अँड लायसन्सवर घेतला होता.

मानपाड्याच्या घराचा करार हातात येईल तेव्हा नीट बघा. त्यात तुम्हाला ‘भाडेकरू’ म्हटलेलं सापडणार नाही. तुम्ही ‘लायसन्सी’. म्हणजे जागा वापरायची परवानगी आहे, पण जागेत हक्क काडीचा नाही. हा भेद १८८२च्या इझमेंट ॲक्टातला आहे, आणि आज ठाण्या-मुंबईतला भाड्याचा बहुतेक बाजार त्याच्यावर चालतो. अकरा महिने झाले की नवा करार आणि वाढीव भाडं, पटत नसेल तर टेम्पो. ॲपवरच्या ‘खरेदी करा’ या बटणामागेही असाच करार असतो. फरक एवढाच की मानपाड्याच्या घरमालकाला तो रजिस्टर करावा लागतो, डिपॉझिट परत करावं लागतं, जा म्हणायच्या आधी नोटीस द्यावी लागते. ॲपवाल्याच्या मागे यातलं काहीच नाही. आपण न वाचता ‘मान्य’वर बोट ठेवतो त्या अटींतच लिहिलेलं असतं की माल आमचा किंवा आमच्या निर्मात्याचा, तुम्हाला बघायची परवानगी, आणि निर्मात्याशी आमचा करार संपला तर तीही संपली.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून यावर कायदा लागू झाला. कायमचं उतरवून घेता येत नाही अशा मालावर ‘खरेदी’ लिहायचं असेल, तर हा फक्त परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. म्हणजे सिनेमा गायब करायची बंदी नाही, पाटी लावून गायब करा. आपल्याकडे पाटीही नाही. तुमच्यात अजून धमक असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फिरवून तक्रार नोंदवा. सिनेमा परत येईलच असं नाही, पण ‘विकत घेतला म्हणजे काय केलं’ हा तुमचा प्रश्न दप्तरी लागेल, आणि तो लागावा अशी माझी फार इच्छा आहे.

मी नेरुळची. मालकीबद्दल आम्हा नवी मुंबईकरांनी बोलणं म्हणजे पोहता न येणाऱ्यानं तळ्याची खोली सांगणं. आमच्या इथे सिडकोनं जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली. घर विकायचं तर सिडकोचा कागद आणि ट्रान्स्फरचे पैसे. ‘फ्री होल्ड करून देणारच’, म्हणजे जमीन पूर्ण मालकीची करून देणारच, हे वचन निवडणूक आली की नव्या बॅनरवर, बहुधा जुन्याच फोटोसह, येतं. पण त्यामुळेच ‘माझं’ म्हणताना नक्की कोणत्या कागदावर बोट ठेवतोय हे तपासायची सवय लागली. मुलाच्या सव्वाशे रुपयांतही एक कागद आहे, तो वाचलेला नाही इतकंच. तीन वर्षांत साडेचार हजार रुपये जातील आणि शेवटी हातात काही उरणार नाही. ते ठीक आहे हो, भाड्यानं राहणं काही पाप नाही. मीही असल्या दोन ॲपचे पैसे भरते, एकाचे तर बंद करायचं बटण सापडत नाही म्हणून. आणि आपल्या लहानपणी रेडिओचंसुद्धा लायसन्स होतं, दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे. भाडं तेव्हाही होतंच. फक्त भाड्याच्या घराला कुणी ‘खरेदीखत’ म्हणत नव्हतं.

माल दिल्यावर परत काढून घेतल्याच्या गोष्टी इतक्या आहेत की एकदोनच सांगते. २००९च्या जुलैत ॲमेझॉननं लोकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं परस्पर पुसून टाकली. ज्यानं ती तिथे विकायला ठेवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते, म्हणून. लोकांचे पैसे परत केले, पण वाचता वाचता पुस्तक गेलं, आणि एका विद्यार्थ्यानं शाळेच्या कामासाठी केलेली टिपणं बिनपुस्तकाची उरली. त्या दोनांतलं एक ‘१९८४’. त्यात नकोसे कागद भिंतीतल्या भोकात टाकून जाळायची सरकारी सोय आहे. हे कुणी विनोदी लेखात लिहून पाठवलं असतं तर ‘अती झालं’ म्हणून साभार परत आलं असतं. तुमच्या ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं, पण रात्री माणूस पाठवून कुणाच्या उशाखालचं पुस्तक उचलून नेल्याचं काही ऐकिवात नाही. उलट लोकच परत आणून देत नाहीत. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा आधी विकलेली पुस्तकंही दुकानाबरोबर मिटली. पैसे परत मिळाले हे खरं. आपल्याकडे २०२४ या एका वर्षात रेसो आणि विंक ही दोन गाण्यांची ॲप गुंडाळली गेली. ज्यांनी वर्षानुवर्षं आवडीच्या गाण्यांच्या याद्या लावल्या होत्या त्यांना विचारा, ‘सगळं ॲपवर आहे’ म्हणजे कुठल्या ॲपवर.

आता थोडं राजकारण. त्याशिवाय ठाण्याच्या पत्राला उत्तर दिल्यासारखं वाटत नाही.

१९५२ साली बा. वि. केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भोक्ता. सिनेमाची गाणी म्हणजे अभिरुचीचा ऱ्हास, असं त्यांचं ठाम मत. मत असायला कुणाची हरकत नसते, पण यांच्या हातात देशातली सगळी रेडिओ केंद्रं होती. गाण्यांवर मर्यादा आली, सिनेमाचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं, निर्माते बिथरले, आणि थोड्याच काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ नाहीसं झालं. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवून सिलोन लावलं. बिनाका गीतमाला त्याच वर्षी तिथे सुरू झाली आणि अख्खा देश परदेशी केंद्रावर आपलीच गाणी ऐकू लागला. सरकारला शहाणपण सुचून विविध भारती सुरू व्हायला १९५७चा ऑक्टोबर उजाडला.

मग आणीबाणी. १९७६च्या मे महिन्यात किशोरकुमारची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाली. सरकारच्या प्रचाराला गायला तो गेला नाही, एवढाच गुन्हा. तेव्हा ज्यांच्या घरी तबकडी होती त्यांच्या घरी तो गात राहिला. बंदीचा हुकूम स्टुडिओत पोचत होता, माजघरातल्या फोनोपर्यंत नाही.

आता हीच गोष्ट ॲपच्या काळात आणा. २०२४च्या जानेवारीत ‘अन्नपूरणी’ हा तमिळ सिनेमा धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारींनंतर नेटफ्लिक्सवरून उतरवला गेला. सिनेमा कसा होता यावर मी भांडणार नाही. मला दिसते ती सोय. कोर्टाचा निकाल नको, दुकानं फिरून डिस्क जप्त करायला नको. एका ठिकाणी एक कळ दाबली की काल ज्याच्या घरात होता त्या प्रत्येक घरातून आज गेला. केसकरांना एवढी सोय असती तर सिलोनचा काय पाड लागला असता? आणि कळ दाबणारे आज तुमच्या पक्षाचे असतील, म्हणून खूश होऊ नका. घड्याळ, कमळ, हात, मशाल, धनुष्यबाण, सगळ्यांनाच ती कळ आवडते. ठाणेकरांना वेगळं सांगायला नको, कुठलं चिन्ह कधी कुणाच्या हातात जाईल याचा नेम नसतो.

म्हणून तुमचा माळा महत्त्वाचा. पण तुम्हाला २१४च्या २१४ कॅसेट मानपाड्याला न्या, असं काही मी सांगणार नाही. सूनबाईंची बाजूही मला कळते. वन बीएचकेत दोन पिढ्या आणि त्यात चार खोके कॅसेट म्हणजे पहिल्या पावसात भांडण.

दीडशे दुकानी कॅसेट एकदा चाळा. त्यातल्या बऱ्याच आज कुठेही ऐकायला मिळतात, तिथे मुलगा बरोबर आहे. काही तर मुळात नकली निघतील. ऐंशीच्या दशकात मूळ गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकायचा मोठा धंदा चालला होता. कायद्यात त्याची वाट होती आणि टी-सिरीज त्या वाटेनं मोठी झाली. कव्हरवर नाव मूळ गायकाचं वाटावं असं मोठं, आणि खाली बारीक अक्षरात भलत्याचंच. हल्लीच्या ॲपवरही तोच खेळ आहे, फक्त आता त्याला ‘कव्हर व्हर्जन’ म्हणतात. दुकानी ढिगातून ज्या तुम्हाला डोळे मिटून आठवतात तेवढ्या ठेवा, नाटकांच्या आणि कीर्तनांच्या जरूर ठेवा, कारण ते ॲपवर शोधायला गेलात तर नाव सापडतं, आणि आत पाऊण मिनिटाचा तुकडा निघतो. उरलेल्या द्या कुणालाही. भंगारवाल्याला दिल्यात तरी मी रडणार नाही.

यांनी भरलेल्या साठेक आहेत ना, त्या वेगळ्या काढा. त्या गाण्यांसाठी नाही. गाणी मिळतील. पण ‘आज अमुक तारीख, सकाळपासून झड लागलीय’ असं म्हणून खाकरणारा आवाज जगातल्या कुठल्याच ॲपवर नाही, महिन्याला सव्वाशे द्या नाहीतर सव्वा लाख. गणपतीतल्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ्या असतील, पोरं असतील, कुणीतरी ‘आवाज येत नाही’ म्हणून ओरडत असेल. रेडिओवरून भरलेल्यांत अंतऱ्याच्या मधोमध तुमच्या कुकरची शिट्टी असणार, आणि तिच्यावर यांनी केलेला ‘शू’ही. तेव्हा तुम्ही त्यावरून भांडलाही असाल.

साठ कॅसेट म्हणजे बुटांचे दोन खोके. एवढी जागा वन बीएचकेतही पलंगाखाली निघते.

आता त्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या कशा, ते सांगते. हे काम महिनाअखेरच्या आत उरकायची गरज नाही. फक्त एक गोष्ट आजच करा. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला दोन्ही टोकांना प्लास्टिकचे छोटे टॅब असतात, ते यांनी मोडलेले नसतील तर तुम्ही स्क्रूड्रायव्हरनं मोडून टाका. टॅब नसला की चुकून लाल बटण दाबलं तरी वर काही भरलं जात नाही. नातवंडं घरात आहेत असं गृहीत धरते.

मग टेप बघा. कडेला पांढरी बुरशी दिसली (ठाण्याच्या पावसाळ्यानंतर दिसतेच) तर ती कॅसेट लगेच लावू नका, बाजूला ठेवा. ती बुरशी डेकच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. बाकीच्यांसाठी एक चालू स्थितीतला जुना डेक लागेल. कॅसेट टाकून थेट कॉम्प्युटरला जोडायची प्लास्टिकची खेळणी ऑनलाइन मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यांत टेप एका वेगानं फिरत नाही आणि लताबाई मध्येच दमल्यासारख्या वाटतात. नातलगांत विचारा, कुणाच्या तरी शोकेसमध्ये डेक सापडेल. त्याचा रबरी पट्टा वितळलेला असणार, तो बदलता येतो. लॅमिंग्टन रोडला असली कामं करणारे अजून आहेत. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, कानातल्या कापसाच्या काडीनं पुसायचं. तोंडाला लावायचं नाही, हे माझ्या एका वाचकाला लिहावं लागलं होतं म्हणून तुम्हालाही लिहिते.

डेकच्या ‘लाइन आउट’ या आवाज बाहेर देणाऱ्या भोकातून केबल लॅपटॉपला. लॅपटॉपला तसं भोक नसेल तर छोटं यूएसबी साउंड कार्ड मध्ये लावायचं. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी नावाचा प्रोग्राम घ्यायचा. तो फुकट आहे आणि खरोखरच फुकट आहे. त्याची आतली रचनासुद्धा सगळ्यांना खुली असते, उद्या बनवणारे झोपले तरी दुसरा कुणी तो चालू ठेवू शकतो. मुलाला सांगा की ‘वेव्ह’ फाइल म्हणून ठेव, एमपीथ्री नंतर कर. तासाभराच्या कॅसेटला साधारण ६३५ एमबी लागतात. साठ कॅसेटचे ३८ जीबी, म्हणजे ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये सगळा माणूस मावतो. असं वाक्य लिहायला नको होतं, पण लिहून झालं.

कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ कॉम्प्युटरवर घ्यायला लागतो, त्याला घाई करता येत नाही. रोज दोन म्हटलं तरी महिना जाईल. माझ्या मते हाच या कामातला उत्तम भाग. मुलाला म्हणावं, तू फक्त बटण दाब आणि तासभर शेजारी बस. पेनड्राइव्ह दोन करा, एक तुमच्याकडे आणि एक लेकीकडे. एकाच घरात दोन्ही ठेवले तर त्याला प्रत म्हणत नाहीत. आणि डिजिटल झालं म्हणून कॅसेट टाकू नका. पेनड्राइव्हही मरतात, आणि मरण्याआधी कॅसेटसारखे कुरकुरत नाहीत.

जावईबापूंकडे येऊ. त्यांना सांगा, पोलिसांना ठाण्यात घोडबंदर रोडची कोंडी नावाचं एक काम आहे. कायदा विचाराल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ३९ जणू तुमच्या यजमानांसाठीच लिहिलेलं आहे. प्रसारण स्वतःच्या खासगी वापरासाठी रेकॉर्ड केलं तर प्रसारण करणाऱ्याच्या हक्काचा भंग होत नाही, असं ते म्हणतं. कलम ५२ खासगी वापराला मोकळीक देतं. बाजारात आलेल्या रेकॉर्डिंगवरचा हक्क पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९६० साली निघालेली तबकडी २०२१ उजाडताच त्यातून सुटली. त्यातल्या कवितेचा आणि चालीचा हक्क मात्र वेगळा. तो कवी आणि संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं राहतो. सहा भावंडांच्या ग्रुपवर एक गाणं टाकणं ‘खासगी’त बसतं की नाही यावर दोन वकील चार तास भांडतील, पण तुमच्या दारात कुणी येणार नाही. कॅसेटी कॉपी करून विकू नका आणि फुकट डाउनलोडचं दुकान उघडू नका, बस्स. जावई ज्याची भीती घालतात ते कलमही आहे, ६५ए, २०१२च्या दुरुस्तीनं आलेलं. डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. पण त्यातही हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. आणि कॅसेटला कुलूप नसतं. ते मोडायला फक्त तुमचा नातू पुरेसा आहे.

फक्त ते सगळं एखाद्या व्हिडिओच्या साइटवर चढवू नका. माझ्या भाचीच्या लग्नाचा चार मिनिटांचा व्हिडिओ मी एका ठिकाणी चढवला, तर मंगलाष्टकांवर कुणा कंपनीनं दावा सांगितला आणि आवाज बंद झाला. भटजींनी स्वतःच्या घशानं म्हटलेली मंगलाष्टकं! आता त्या व्हिडिओत अंतरपाट निघतो, अक्षता उडतात, आणि सगळे मुके. तक्रारीला उत्तर आलं, तेही मशीनचं.

तुम्ही विचारलं नाहीत ते एक सांगते. यांचा फोन अजून उघडतोय, हे नशीब समजा. आजच त्यातले फोटो आणि आवाजी मेसेज दुसरीकडे उतरवून घ्या. गूगलचं खातं दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर ते पुसून टाकायची मुभा गूगलनं स्वतःला दिलेली आहे. सोसायटीत नॉमिनेशनचा फॉर्म प्रत्येकानं भरलेला असतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे यावर गॅलरीत भांडणंही झालेली असतात. पण ईमेलला नॉमिनी कुणी लावत नाही. गूगलमध्ये आणि ॲपलमध्ये तशी सोय आहे, मात्र माणूस जिवंत असताना लावावी लागते. आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यातही नॉमिनी नेमायचा हक्क लिहिलाय. नियम यायला २०२५चा नोव्हेंबर लागला, आणि बहुतेक तरतुदींना त्यापुढे आणखी दीड वर्षाची मुदत दिली. बिल्डरसुद्धा पझेशनची तारीख अशीच देतो, तुम्हाला नवल वाटायला नको. तुमच्या खात्याचं तेवढं या आठवड्यात करून टाका. नॉमिनी म्हणून सूनबाईंना लावा. मुलगा पासवर्ड विसरेल.

आणि सूनबाईंशी भांडू नका. शनिवारी भंगारवाल्याऐवजी त्यांनाच माळ्याखाली उभं करा, एक एक कॅसेट खाली द्या आणि कव्हरवरचं यांचं अक्षर वाचायला सांगा. लग्न होऊन त्या घरात आल्या त्या महिन्यातली एखादी कॅसेट असेल, तर पहिली ती लावा. हवामानाबरोबर यांनी आणखी काय बोलून ठेवलंय, कुणी सांगावं.

डेक कुठेच मिळाला नाही तर कळवा. माझ्याकडे एक आहे. ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या लोकलनं नेरुळला उतरलात की फोन करा, न्यायला येईन. प्ले उत्तम होतो, रिवाइंड होत नाही. तेव्हा पेन्सिल घरून आणा, आणि सहाकोनी आणा. गोल पेन्सिल दात्यांत नुसती फिरते.